पाच रुपयांच्या पुड्याचे अर्थशास्त्र

ऑक्टोबर २०२४ मध्ये नेस्ले इंडिया या कंपनीचे त्या वेळचे अध्यक्ष सुरेश नारायणन यांनी तिमाहीच्या हिशोबावर बोलताना एक निरीक्षण नोंदविले. नित्योपयोगी वस्तूंच्या बहुतेक कंपन्यांचा धंदा ज्या मधल्या थरावर आजवर उभा राहिला, तो मध्यमवर्गाचा थर आक्रसत चालल्यासारखा दिसतो, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांच्यापाशी पैसा आहे ते मात्र सढळ हाताने खर्च करीत आहेत, अशीही पुस्ती त्यांनी जोडली. हे विधान एखाद्या कामगार पुढाऱ्याने केले असते, तर नेहमीचे गाऱ्हाणे म्हणून ते सोडून देण्यात आले असते. परंतु नूडल्स, कॉफी आणि चॉकलेटे विकणाऱ्या कंपनीचा मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात रोजचा वावर असतो. तिथला डबा केव्हा भरला जातो आणि केव्हा रिकामा राहतो, हे तिला सरकारच्या सांख्यिकी खात्याआधी कळते. पुढच्याच महिन्यात जुलै ते सप्टेंबर या तिमाहीतील राष्ट्रीय उत्पादनाच्या वाढीचा पहिला अंदाज प्रसिद्ध झाला, तो अवघा ५.४ टक्के निघाला.

तेव्हापासून या प्रश्नाची चर्चा मुख्यतः सरकारने काय करावे या अंगाने झाली. व्याजाचा दर उतरवावा, आयकरात सूट द्यावी, वस्तू व सेवा कर कमी करावा, अशा मागण्या झाल्या आणि त्यांतील बऱ्याचशा पुढे मान्यही झाल्या. परंतु मालाला उठाव नसला की कारखानदार आणि व्यापारी स्वतः काय करतात, याची छाननी क्वचितच होते. कंपन्यांचे डावपेच मंदीतून जन्मतात हे खरे, पण पुढे तेच डावपेच मंदीला वळण लावतात. गेल्या काही वर्षांत हे वळण कोणत्या दिशेने लागले आहे, हे ज्यांच्या पगारावर हा सारा बाजार चालतो त्यांनी तरी समजून घ्यावयास हवे.

किंमत तीच, वजन कमी

या डावपेचांपैकी सर्वांत जुना आणि सर्वांच्या परिचयाचा डाव पाच रुपयांच्या पुड्यात दडलेला आहे. बिस्किटे, वेफर्स, फरसाण, चहाची पुडी, साबणाची लहान वडी यांच्या बाबतीत पाच आणि दहा रुपये या दोन किमती जणू दगडावर कोरल्या गेल्या आहेत. याचे कारण नाण्यात आहे. पाच रुपयांचे नाणे शाळकरी मुलाच्या मुठीत मावते, मजुराच्या खिशात सापडते आणि वाण्यापुढे सुट्या पैशांचा प्रश्न उभा राहत नाही. किंमत साडेपाच रुपये केली की उरलेल्या पैशांच्या जागी गोळी हातावर ठेवावी लागते. सहा केली की गिऱ्हाईक शेजारचा पुडा उचलते. त्यामुळे गहू, साखर वा पामतेल महागले की छापील किंमत जागच्या जागी राहते आणि पुड्यातील वजन उतरते.

विलेपार्ल्यात १९२९ साली स्थापन झालेल्या पार्ले कंपनीच्या ग्लुकोज बिस्किटाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९९४ च्या सुमारास चार रुपयांच्या पुड्यात १०० ग्रॅम बिस्किटे असत. पुढे पाच रुपयांच्या पुड्यात ती सुमारे ५५ ग्रॅम उरली. म्हणजे किंमत एका रुपयाने वाढली, पण ग्रॅममागचा भाव चार पैशांवरून नऊ पैशांवर गेला. तीन दशकांतील एकंदर महागाईच्या मानाने ही वाढ पुष्कळच कमी आहे आणि त्याचे श्रेय त्या कंपनीला दिलेच पाहिजे. कमी नफ्यावर प्रचंड खप हे तिचे सूत्र होते, आणि २०२० च्या टाळेबंदीत लाखो मजूर पायी गावाकडे निघाले तेव्हा अनेकांच्या पिशवीत हाच पुडा होता. तथापि भाव वाढला आहे हे गिऱ्हाइकाच्या ध्यानात येऊ नये, अशाच रीतीने तो वाढविला गेला, हेही तितकेच खरे. वाढलेल्या बसभाड्याविरुद्ध मोर्चा निघतो. पुड्यातून नाहीशा झालेल्या चार बिस्किटांसाठी कोणी रस्त्यावर येत नाही.

कायद्यानेही या डावाची वाट मोकळी केली. पूर्वीच्या नियमांप्रमाणे चहा, बिस्किटे, साबण, धुण्याची पावडर अशा काही जिनसा ठरावीक वजनांतच बांधाव्या लागत. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांतील ते परिशिष्ट २०२१ च्या दुरुस्तीने वगळण्यात आले आणि २०२२ पासून वेष्टनावर ग्रॅममागे किंवा किलोमागे पडणारा भाव छापण्याचे बंधन आले. सुधारणा तत्त्वतः योग्य आहे. ग्राहकाला वजनाची सक्ती नको, माहिती हवी, असा तिचा रोख आहे. परंतु तो भाव इतक्या बारीक अक्षरांत छापलेला असतो की दुकानाच्या फळीवर गर्दीत उभे राहून तो वाचणारे गिऱ्हाईक शोधूनच काढावे लागेल. शाळेतील गणिताच्या तासाला त्रैराशिकासाठी याहून चांगले उदाहरण नाही, एवढा मात्र त्याचा उपयोग निश्चित आहे.

या डावालाही मर्यादा असते. वजन उतरविता उतरविता एक क्षण असा येतो की पुडा हातात घेताच पोकळ वाटतो. ऑगस्ट २०१९ मध्ये तो क्षण आल्याची चाहूल लागली होती. पाच रुपयांचा पुडा घेतानाही गिऱ्हाईक दोनदा विचार करीत असेल तर अर्थव्यवस्थेत काही गंभीर बिघाड आहे, असा इशारा ब्रिटानियाचे वरुण बेरी यांनी दिला. त्याच महिन्यात, कराचा बोजा उतरला नाही आणि मागणी सुधारली नाही तर आठ ते दहा हजार कामगारांच्या नोकऱ्या जातील, असे पार्लेच्या वतीने सांगण्यात आले. सरकारने पुढील महिन्यात करकपात केली, ती कंपन्यांच्या नफ्यावरील करात. बिस्किटांवरील १८ टक्के कर तसाच राहिला.

उंची मालाची ओढ

पुडा आणखी लहान करता येत नाही आणि किंमतही वाढविता येत नाही, अशा कोंडीत सापडलेल्या कंपनीपुढे दुसरा मार्ग असतो तो उंची मालाकडे वळण्याचा. दहा गिऱ्हाइकांना पाच रुपयांची वस्तू विकण्याऐवजी एकालाच पाचशे रुपयांची विकावी, हा तो विचार. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात त्याला भारदस्त नावे आहेत. दादर-गिरगावच्या जुन्या कापडदुकानदाराने त्याला भारी गिऱ्हाईक धरणे एवढेच म्हटले असते.

हा मार्ग गेल्या काही वर्षांत कंपन्यांनी किती एकमुखाने पत्करला, हे त्यांनी केलेल्या खरेद्यांवरून दिसून येते. जानेवारी २०२५ मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरने मिनिमलिस्ट या त्वचाप्रसाधने विकणाऱ्या तरुण कंपनीचे ९० टक्क्यांहून अधिक भागभांडवल घेण्याचे जाहीर केले. त्याच्या वर्षभर आधी टाटा कन्झ्युमरने चिनी पद्धतीचे मसाले व सॉस बनविणारी कॅपिटल फूड्स आणि तुळशीचा चहा विकणारी ऑर्गॅनिक इंडिया या दोन कंपन्या घेण्याचे ठरविले. खोबरेल तेलावर वाढलेल्या मॅरिकोने २०२२ मध्ये पुण्याच्या ट्रू एलिमेंट्समध्ये निम्म्याहून अधिक हिस्सा घेतला. तिचा माल म्हणजे ओट्स, म्यूसली आणि बियांचे मिश्रण. साबण, चहा आणि खोबरेल तेल यांच्या बळावर ज्यांनी साम्राज्ये उभारली, त्या कंपन्यांना आपल्या जुन्या मालाच्या वाढीवर पूर्वीइतका भरवसा राहिला नाही, असाच याचा अर्थ होतो.

यात गैर काय, असे विचारता येईल. लोकांच्या आवडी बदलतात आणि व्यापाऱ्याने त्यांच्या मागे जावयाचे असते. कौटुंबिक खर्चाच्या पाहणीचे आकडेही काही प्रमाणात या युक्तिवादाला दुजोरा देतात. १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या खर्चापैकी ५९ टक्क्यांहून अधिक वाटा अन्नाचा होता. २०२३-२४ मध्ये तो ४७ टक्क्यांवर आला. शहरांत तो ४८ वरून सुमारे ४० टक्क्यांवर उतरला. अन्नाच्या या खर्चातही शीतपेये, फराळाचे पदार्थ आणि तयार अन्न यांचा हिस्सा धान्यापेक्षा कितीतरी मोठा झाला असून शहरी कुटुंबाच्या एकूण खर्चाचा तो ११ टक्के आहे. ग्राहक बदलला आहे, याविषयी वाद नाही. पण याच पाहणीत दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये भरला. महिन्याला सात हजार रुपयांत घरभाडे, प्रवास, मुलांच्या फिया, औषधपाणी आणि जेवण भागविणाऱ्या माणसासाठी सहाशे रुपयांची त्वचाप्रसाधनाची बाटली बनविलेली नसते. ही तर सरासरी झाली. निम्म्याहून अधिक लोक सरासरीच्या खाली असतात.

वाहनांच्या बाजारात हेच चित्र अधिक ठळकपणे दिसते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हा स्कूटरवाल्या कुटुंबाला मोटारीचे स्वप्न पाहण्याची मुभा मिळाली. त्यानंतरची तीन दशके लहान मोटार हाच या धंद्याचा कणा होता. अलीकडे विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक उंच, जाडजूड आणि महाग जातीच्या असतात. मारुतीचेच अध्यक्ष आर. सी. भार्गव यांनी एप्रिल २०२५ मध्ये सांगितले की दहा लाखांची मोटार परवडेल अशी कुटुंबे देशात जेमतेम १२ टक्के आहेत. दुचाकींचे आकडे तर याहून बोलके आहेत, कारण दुचाकी ही कारकून, शिक्षक, दूधवाला आणि शेतकरी यांची गाडी. २०१८-१९ मध्ये देशात २ कोटी १२ लाख दुचाकी विकल्या गेल्या. २०२१-२२ मध्ये ही संख्या १ कोटी ३६ लाखांपर्यंत घसरली आणि २०२४-२५ मध्ये ती १ कोटी ९६ लाखांपर्यंत सावरली. याचा अर्थ असा की सहा वर्षांत लोकसंख्या वाढली, रस्ते वाढले, एकूण राष्ट्रीय उत्पन्न वाढले, तरी दुचाकीचा खप पूर्वीच्या उच्चांकाला पोहोचला नाही.

सायकलवरून विकलेली पावडर

बाजार मंद असताना खालच्या दिशेने जाऊनही धंदा वाढविता येतो, हे सिद्ध करणारे उदाहरण शेजारच्या गुजरातेत घडले आहे. हिंदुस्थान लिव्हरने सर्फ ही धुण्याची पावडर १९५९ मध्ये भारतात आणली. तिचे गिऱ्हाईक मोजके आणि शहरी होते. बाकीचा देश साबणाच्या वडीने कपडे धुवीत असे आणि तो आपला ग्राहक नव्हेच, अशी कंपनीची समजूत होती. १९६९ मध्ये गुजरात सरकारच्या खनिज व भूविज्ञान खात्यात नोकरी करणारे रसायनतज्ज्ञ करसनभाई पटेल यांनी अहमदाबादेत घराच्या मागील बाजूस पावडर तयार करावयास आरंभ केला. कामावर जाता-येता सायकलवरून दारोदार ते ती विकीत. सर्फचा भाव किलोला तेरा ते पंधरा रुपये असताना निरमाचा भाव साडेतीन रुपयांच्या आत होता.

दोन्ही पावडरींच्या गुणात फरक होता आणि तो लपविण्यात अर्थ नाही. निरमाने हात चरचरत, अशी तक्रार घरोघरी ऐकू येई. शिवाय वीज न वापरता हाताने केलेल्या मालाला अबकारी करात मिळणारी सवलत आणि कंत्राटी मजुरी हाही त्या स्वस्ताईचा एक भाग होता. परंतु ज्या घरांत पावडर कधी पोहोचलीच नव्हती त्या घरांत ती पोहोचली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास खपाच्या बाबतीत निरमाने सर्फला मागे टाकले. लिव्हरने प्रथम दूरचित्रवाणीवर ललिताजी या काटकसरी गृहिणीला उभे करून स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांतील भेद लोकांना समजावून पाहिला. ती जाहिरात गाजली. पण निरमाचा खप अडला नाही. अखेर १९८७ मध्ये व्हील ही स्वस्त पावडर बाजारात आणून, तिच्यासाठी निराळी कारखानदारी आणि निराळी वितरणव्यवस्था उभी करून लिव्हरला आपली समजूत बदलावी लागली. पुढे कानपूरच्या घडी पावडरने व्हीलला त्याच वाटेने गाठले.

शांपूची पुडी हीसुद्धा त्याच काळातील कहाणी आहे. तामिळनाडूतील कडलूर येथे सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये पंधरा हजार रुपयांच्या भांडवलावर चिक शांपूचा धंदा सुरू केला आणि पुढे पन्नास पैशांची पुडी काढून तो खेडोपाडी नेला. पुडीतील शांपू अनेकदा बाटलीतल्या शांपूपेक्षा मिलिलिटरमागे स्वस्त पडतो, ही गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. (त्या पुड्यांनी गावोगावची गटारे तुंबविली, हा हिशोब मात्र कोणत्याच ताळेबंदात आला नाही.) पन्नास पैशांची ती पुडी आणि ५५ ग्रॅमचा बिस्किटपुडा दोन्ही लहानच आहेत. पण पहिल्याने नवे गिऱ्हाईक बाजारात आणले आणि दुसरा असलेल्या गिऱ्हाइकाकडून तेवढ्याच पैशांत कमी माल देऊन नफा सांभाळतो.

या प्रकारचे साहस अगदीच लोपले आहे असे नाही. राजकोटची बालाजी वेफर्स ही कंपनी मोठ्या परदेशी कंपनीपेक्षा त्याच किमतीत अधिक वजन देत पश्चिम भारतात फोफावली. राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये पवईला डी-मार्टचे पहिले दुकान उघडले, तेव्हा त्यांचे गणित सरळ होते: जागा शक्य तो स्वतःच्या मालकीची, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते, मालाचे प्रकार मोजके आणि भाव छापील किमतीच्या खाली. महिन्याच्या पहिल्या रविवारी ठाणे, डोंबिवली वा पिंपरी येथील या दुकानांत लागणाऱ्या रांगांत मध्यमवर्ग आक्रसला आहे की नाही हे मोजता येणार नाही. पण दोन-चार रुपयांसाठी तो किती दूरवर चालत जातो, हे नक्की दिसते.

वाण्याची वही

वस्तूंबरोबर विक्रीची व्यवस्थाही बदलत आहे आणि तिथेही वरच्या दिशेचाच ओढा आहे. दहा मिनिटांत घरपोच माल देणाऱ्या ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट या सेवा महानगरांतील उंची मालाच्या कंपन्यांना फार सोयीच्या ठरल्या. वाण्याच्या फळीवर ज्या बाटलीला जागा मिळाली नसती, ती मोबाइलच्या पडद्यावर सहज मिळते. याची झळ डी-मार्टलाही लागली. महानगरांतील आपल्या मोठ्या दुकानांच्या विक्रीवर या सेवांचा परिणाम जाणवत असल्याचे त्या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केले. वाण्याची आणि वितरकाची स्थिती त्याहून बिकट आहे. मोठ्या घाऊक व्यापाऱ्यांना आणि ऑनलाइन कंपन्यांना अधिक सवलतीने माल मिळतो, या कारणावरून महाराष्ट्रातील वितरकांनी जानेवारी २०२२ मध्ये काही बड्या कंपन्यांच्या मालावर बहिष्कार पुकारला होता. त्यावर वाटाघाटी झाल्या, पण मूळ दुखणे गेले नाही.

वाणी गेला तर माल दुसरीकडून मिळेल. परंतु वाण्याच्या दुकानात मालाशिवाय आणखी एक गोष्ट असे, ती म्हणजे उधारीची वही. पगार लांबला, आजारपण निघाले, सणाचा खर्च वाढला, की त्या वहीत दोन ओळी अधिक लिहिल्या जात आणि त्यावर व्याज नसे. या वहीची जागा आता मोबाइलवर मिळणारे छोटे कर्ज आणि क्रेडिट कार्ड यांनी घेतली आहे. २०२२-२३ मध्ये कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्क्यांवर आली. कित्येक दशकांत ती इतकी खाली गेली नव्हती. विनातारण कर्जांचा हा पूर पाहून नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांसाठी बँकांनी अधिक भांडवल बाजूस ठेवावे, असे बंधन घातले. ते आवश्यकच होते. त्यानंतर वर्षभरातच शहरी मागणी खालावल्याची ओरड सुरू झाली, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. शहरातील मागणीचा एक भाग उसनवारीवर चालला होता. उसने मिळेनासे होताच तो ओसरला.

मग खरी मागणी यावी कोठून? ती पगारातून आणि मजुरीतून यावयाची. येथे केंद्र सरकारच्याच २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीने दिलेला आकडा कोणत्याही टीकाकाराच्या शब्दापेक्षा अधिक वजनदार आहे. २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला, पण नोकऱ्या वाढल्या केवळ १.५ टक्क्यांनी. राष्ट्रीय उत्पन्नाशी नफ्याचे प्रमाण २००७-०८ नंतर प्रथमच इतके वर गेले होते. नफ्याच्या मानाने पगार मागे पडले, तर मागणीवरच त्याचा परिणाम होईल, असा इशारा या पाहणीने दिला. खर्च आवरणे हा मंदीतील प्रत्येक कंपनीचा पहिला डाव असतो आणि त्यात पगार हाच खर्च सर्वांत आधी दिसतो. एका कंपनीचा पगारखर्च हे दुसऱ्या कंपनीच्या गिऱ्हाइकाचे उत्पन्न असते, हे मात्र कोणत्याच संचालक मंडळाच्या टिपणात लिहिलेले नसते. एकट्या कंपनीच्या दृष्टीने पगार रोखणे आणि उंची मालाकडे वळणे हे शहाणपणाचे आहे. सगळ्यांनी एकाच वेळी ते केले, की मधला बाजार सगळ्यांचाच आटतो.

सरकार स्वतः मालक म्हणून याहून निराळे वागले आहे असेही नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून शिक्षणसेवक योजना आहे. डी.एड., बी.एड. होऊन, परीक्षा देऊन लागलेला शिक्षक पहिली तीन वर्षे मानधनावर राहतो. प्राथमिक शाळेतील हे मानधन कित्येक वर्षे महिना ६,००० रुपये होते. जानेवारी २०२३ पासून ते १६,००० झाले. पंचविशी-तिशीतील सुशिक्षित, नोकरीवाला आणि नवा संसार मांडणारा माणूस म्हणजे पंखा, दुचाकी, शिवणयंत्र, मुलाची सायकल यांचे हक्काचे गिऱ्हाईक. त्याच्या हाती पडणारी रक्कम ही अशी. सप्टेंबर २०२३ मध्ये तर शासकीय पदे नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी पद्धतीने भरण्याचा निर्णय राज्य शासनाने काढला होता. विद्यार्थ्यांचा रोष उसळल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. कंत्राटी कामाची पद्धत मात्र त्याआधीही होती आणि नंतरही राहिली.

करकपातीची पोच

मागणी वाढविण्यासाठी केंद्राने २०२५ मध्ये दोन मोठी पावले उचलली. अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंतचे वार्षिक उत्पन्न नव्या पद्धतीत आयकरमुक्त करण्यात आले आणि २२ सप्टेंबरपासून वस्तू व सेवा कराचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे काढून टाकण्यात आले. बिस्किटे, साबण, शांपू, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि लहान मोटारी व बहुतेक दुचाकी यांवरील २८ वरून १८ टक्क्यांवर. ही दुसरी कपात पहिलीपेक्षा अधिक न्याय्य होती. ज्याच्यावर आयकर लागूच होत नाही, त्याला आयकराच्या सवलतीचा काय लाभ? साबण मात्र त्यालाही घ्यावाच लागतो.

गंमत अशी की या कपातीनेही गाठ घातली ती पुन्हा पाच रुपयांच्या पुड्याशीच. कर १३ टक्क्यांनी उतरला तर पाच रुपयांची किंमत चार रुपये आणि काही पैसे व्हावयास हवी. तशा किमती काही पुड्यांवर छापल्याही गेल्या. पण ते सुटे पैसे द्यावेत कोणी आणि घ्यावेत कोणी? पन्नास पैशांहून लहान नाणी २०११ मध्येच चलनातून गेली आहेत. अखेर पाच रुपये किंमत कायम ठेवून वजन वाढविण्याचा पर्याय कंपन्यांनी पुढे केला. वर्षानुवर्षे उतरत गेलेले वजन थोडे वर चढले. पामतेल वा साखर पुन्हा महागली की ते पुन्हा उतरणार नाही, अशी हमी देणारा कोणताही नियम नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आठव्या वेतन आयोगाच्या कार्यकक्षेस मंजुरी दिली आणि शिफारशींसाठी अठरा महिन्यांची मुदत ठरविली. त्याच्या कक्षेत केंद्राचे सुमारे ५० लाख कर्मचारी येतात. निवृत्तिवेतनधारक त्यांहून अधिक आहेत, आणि राज्ये आपापल्या सोयीने मागाहून त्याच वाटेने जातात. सातव्या आयोगाच्या वेळी दुचाकी, मोटारी आणि घरे यांच्या विक्रेत्यांनी थकबाकीच्या तारखांवर डोळा ठेवून योजना आखल्या होत्या, तशा याही वेळी आखल्या जातील. मानधनावरील शिक्षणसेवक, कंत्राटावरील संगणकचालक आणि वितरकाच्या गुदामातील हमाल यांची नावे आयोगाच्या तक्त्यांत असणार नाहीत. त्यांचा पगार कोणत्या दराने वाढावा हे ठरविणारी यंत्रणा अद्याप कोणी सुचविलेली नाही, आणि त्यांच्यासाठी कोणता माल काढावा याचाही आराखडा फार थोड्या कंपन्यांपाशी आहे.